चौदा टक्क्यांचा चढ

मुकुंदा,

परवा तुझ्या शोकसभेत मी पाच मिनिटं बोललो. हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या, मागची मंडळी जाड जॅकेटं अंगावर तशीच ठेवून भिंतीला टेकून उभी होती. माझ्या आधीच्या दोघांनी तुझ्या डिग्र्या, हॉस्पिटलातली वर्षं, तू एडमंटनला कधी आलास, सगळं सांगून टाकलं होतं, त्यामुळे माझ्या वाट्याला इटली उरली. सलग चार वर्षं सप्टेंबरात आपण तिथल्या टेकड्यांवर कसे भटकलो, तू सायकलवर आणि मी पायी, ते मी रंगवून सांगितलं. लोक हसले. खाली उतरल्यावर एका बाईंनी माझा हात धरून 'फार मनापासून बोललात हो' असं म्हटलं. मनापासून कसलं? जे सांगायला हवं होतं नेमकं तेवढंच मी गिळलं होतं. त्या शेवटच्या टेकडीच्या चढाबद्दल मी तुला खोटं सांगितलं होतं, ते.

आता तू उलट बोलणार नाहीस, तेव्हा सांगायला सोपं जाईल असं वाटलं होतं. पण तसं काही झालेलं नाही. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठून खिडकीपाशी गेलो.

माझी सुमन, तुझी वहिनी, गेली त्या वर्षी मी घराबाहेर पडणं जवळजवळ सोडलं होतं. ग्रोसरी आणायची, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा, बस. एका रविवारी तू बेल न वाजवता आत आलास, सिंकमधली तीन दिवसांची भांडी पाहिलीस, बाह्या वर केल्यास आणि ती घासून टाकलीस. मग ओल्या हातांनीच खिशातून कागद काढून टेबलावर ठेवलास. दोन तिकिटं. मी म्हटलं, "अरे, मला सायकल जमत नाही, माझ्या मनगटात स्टीलची पट्टी आहे." बर्फावर घसरून मोडलेल्या त्या मनगटाच्या ऑपरेशनला भूल तूच दिली होतीस, तुला काय ते ठाऊक नव्हतं? "तुला सायकल चालवायला कोण सांगतंय? तू चाल. तेवढं तरी येतं ना नागपूरकरांना?" असं म्हणून तू माझ्याच घरात माझ्यासाठी चहा टाकलास. मी आभार मानले नाहीत. उलट तिकिटं परत करता येतील का, असं विचारलं. आता मानतो. तू मला ओढून बाहेर काढलंस, मुकुंदा, नाहीतर मी त्या खुर्चीतच संपलो असतो.

तिथे आपली पद्धत पहिल्या आठवड्यातच बसून गेली. मार्के नावाचा तो मुलूख. पूर्वेला समुद्र, पश्चिमेला मोठे डोंगर आणि मधे नुसत्या टेकड्या. प्रत्येक टेकडीवर एक गाव, गावाला भिंत, भिंतीच्या आत एक चर्च आणि एक कॉफीचं दुकान. आपल्या खोल्या एका शेतावर. मी सकाळी सातला काठी घेऊन निघायचो, नांगरलेल्या शेतांच्या कडेकडेने, द्राक्षांच्या मळ्यांतून. तू आरामात नऊला निघून लांबचा वळसा घालायचास. जिथून गावाचा चढ सुरू होतो तिथे मेरीचा छोटासा देव्हारा असायचाच. जो आधी पोचेल त्याने त्या देव्हाऱ्यापाशी थांबायचं, चढ मात्र बरोबर चढायचा. चढावर तुझा आणि माझा वेग सारखाच व्हायचा. तू सगळ्यांत हलक्या गिअरमध्ये डुलत डुलत पाय मारायचास आणि मी शेजारून काठी टेकत यायचो. एडमंटनमध्ये आपण चाळीस वर्षं एकमेकांच्या घरी जेवलो, पण आपलं खरं बोलणं झालं ते त्या पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवर. सुमनच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी तुझ्याजवळच बोललो आणि तेही तिथेच, कारण तू पुढे रस्त्याकडे बघत होतास.

आणि तुझं ते यवतेश्वर! साताऱ्यात जन्मल्याचा काय तो माज. कुठलीही टेकडी दाखवली की, "आमच्या यवतेश्वराच्या निम्मी पण नाही." मी म्हणायचो, मग उतरून ढकलतोस कशाला? त्यावर तुझं उत्तर ठरलेलं, की नागपूरच्या माणसाने चढाबद्दल बोलू नये, त्याने उड्डाणपुलाबद्दल बोलावं. तिथला पाव बिनमिठाचा असतो हे पहिल्या दिवशी कळलं तेव्हा तू एखादा पेशंट दगावल्यासारखा चेहरा केला होतास. मग बॅगेतून नीलावहिनींनी दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची डबी निघाली. शेतावरच्या बाईंनी चिमूटभर चाखली, खोकल्या, पाणी प्यायल्या आणि पुन्हा हात पुढे केला. दुसऱ्या वर्षापासून त्यांच्यासाठी वेगळी डबी न्यायला लागली.

वर पोचलं की तुझा पहिला प्रश्न, "इंजिनियर, किती?" एकतीस वर्षं मी अल्बर्टातले रस्ते आखले. मुठीत मावणारं चढ मोजायचं यंत्र रिटायर झाल्यावरही माझ्या खिशात असतं. शंभर फूट पुढे गेलं की रस्ता किती फूट वर चढतो, ते म्हणजे टक्के, एवढं साधं. तू सायकलला एकही यंत्र लावू द्यायचा नाहीस, "तू आहेस ना" म्हणायचास. मी सांगितलेला आकडा तू तिथूनच घरच्या ग्रुपवर टाकायचास, वहिनींना आणि ओकव्हिलला तुझ्या अमेयला. आणि त्या आकड्यावरून आपलं भांडण. साडेसात असले तर मी साडेसातच सांगायचो.

"अरे, आठ म्हण ना! तुझं काय जातं?"

"साडेसात म्हणजे साडेसात."

"रस्ते बांधत होतास की कोर्टात होतास रे?"

चार वर्षं तू अर्ध्या टक्क्यासाठी माझ्या विनवण्या केल्यास आणि मी एकदाही बधलो नाही. म्हणूनच माझ्या आकड्यावर तुझा असा विश्वास बसला. तुझ्या तब्येतीबद्दल मी बोलायचं नाही, कारण डॉक्टर तू. रस्त्याबद्दल तू बोलायचं नाहीस, कारण इंजिनियर मी. ही वाटणी आपल्याला फार शहाणपणाची वाटायची.

गेल्या सप्टेंबरातला तो दिवस. ऊन चांगलंच तापलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेली सूर्यफुलं माना टाकून उभी होती. देव्हाऱ्यापाशी तू माझ्या आधी येऊन बसला होतास. चढ अगदी साधा होता. याहून अवघड चढ तू गप्पा मारत चढला होतास. पण त्या दिवशी तू बोलत नव्हतास, आणि थोड्या वेळाने तुझ्या चाकाखाली खडी चुरडल्याचा आवाजही येईना. मी वळून पाहिलं, तू मागे पडला होतास. आणि खरं सांगू? मला गंमत वाटली. चार वर्षांत पहिल्यांदा मी पुढे होतो. मी चालतच राहिलो. वरच्या वळणावरून खालचा रस्ता दिसतो. तिथून पाहिलं तर तू उतरून हँडलवर कपाळ टेकून उभा होतास. मी हात केला. तूही केलास. मग चार पावलं सायकल ढकललीस आणि पुन्हा थांबलास, आणि पुन्हा एकदा. एकूण तीनदा. मी खाली आलो नाही.

वर पोचलास तेव्हा तुझा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. गावाच्या भिंतीपाशी बसलास, डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवलीस आणि घड्याळाकडे पाहत राहिलास. तुझे ओठ मोजत होते. मग मान खाली घालूनच विचारलंस, "किती?" रोजचाच शब्द, पण त्या दिवशी तू घाबरला होतास. तुला घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. यंत्र मी खिशातून काढलंच नाही. काढायची गरज नव्हती, तो सहा टक्क्यांचा रस्ता होता, नुसत्या डोळ्यांना कळत होतं. पण 'सहा' हा शब्द माझ्या तोंडून फुटेना. तू संपत चाललास असं तुझ्या तोंडावर सांगितल्यासारखं झालं असतं.

"चौदा," मी म्हटलं.

"चौदा?"

"मग! उगाच नाही तुझ्या नाकी नऊ आले."

तू मनगट सोडलंस. "तरीच. चौदाला एवढं चालतं," असं म्हणालास आणि हळूहळू तुझ्या चेहऱ्यावर रंग परत आला. मग फोन काढून ग्रुपवर टाकलंस. वहिनींनी टाळ्या पाठवल्या, अमेयने 'वे टू गो, बाबा!' लिहिलं. तू मला कॉफी पाजलीस. चार वर्षं ज्याला अर्धा टक्का दिला नव्हता त्याला मी एका दमात आठ देऊन टाकले होते, आणि मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

डॉक्टर माणूस असा आकडा ऐकून त्याचं काय करतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी तो शाबासकी म्हणून दिला, तू रिपोर्ट म्हणून घेतलास. सहा टक्क्यांवर तीनदा थांबणारा सत्तरीतला माणूस तुझ्यासमोर आला असता तर तू त्याला त्याच दिवशी तपासायला पाठवलं असतंस. चौदावर थांबणारा होता, म्हणून तू कॉफी मागवलीस.

सांगायची संधी मला मिळाली नाही असंही नाही. ऑक्टोबरात फोनवर मी भीत भीत म्हटलं होतं, "एकदा कुणाला तरी दाखवून घे रे." "आणि सांगू काय? चौदा टक्के चढलो आणि धाप लागली? हसेल तो मला!" असं तू म्हणालास. मी तिथे बोलायला हवं होतं. मी विषय बदलून विंटर टायर कधी लावणार ते विचारलं.

मग दिवाळीला अमेयने तुला ते मशीन पाठवलं. बेसमेंटमध्ये सायकल त्यावर चढवायची, हवा तेवढा चढ लावायचा आणि जागच्या जागी पाय मारायचे. पुढच्या सप्टेंबरात ती टेकडी न थांबता चढायची असं तू ठरवून टाकलंस. चढ लावलास तो अर्थातच चौदा. जानेवारीत, सकाळी साडेसातच्या आपल्या रोजच्या फोनवर, तू वैतागला होतास. "इंजिनियर, हे मशीन खोटं बोलतंय. याचा चौदा मला दोन मिनिटं झेपत नाही. तिथे तर अख्खा चढलो!" तोंडातून निघालं ते असं, "त्या मशीनला खडीचा रस्ता काय कळतो?" तू हसलास, मीही हसलो. फोन ठेवल्यावर मी स्वतःची समजूत घातली, की असलं फोनवर सांगू नये, शनिवारी भेटल्यावर सांगू. शनिवारी तू इतका खुशीत होतास की मी पुढच्या शनिवारवर ढकललं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तू बेसमेंटमध्ये गेलास तो वर आलाच नाहीस.

आता साडेसातला मी मुद्दाम अंघोळीला जातो, म्हणजे फोन दिसत नाही. मार्च अर्धा सरला तरी बर्फ हटलेला नाही. बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून नदीकाठच्या पायवाटेने तासभर चालतो. तिथे एक लहानसा चढ आहे. तो चढताना मी सवयीने डावीकडे जागा सोडतो. मागून कुणीतरी अनोळखी सायकलवाला येतो, "थँक यू" म्हणतो आणि निघून जातो. घरी आलो की दिवसभर बोलायला कुणी नसतं. रेडिओ लावतो, बातम्या ऐकतो, बंद करतो. शेतावरच्या बाईंची मेल आली आहे, नेहमीच्या दोन खोल्या राखून ठेवू ना, आणि ती तिखट पूड विसरू नका. एक खोली कशी मागायची तेवढं इटालियन मला येतं, पण अजून लिहवलेलं नाही.

काल नीलावहिनींनी घरी बोलावलं. टेबलावर दोनच कप होते. त्यांनी चहा ओतला. मग म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? खरंच चौदा होता का हो तो चढ?"

मी म्हटलं, "का?"

"हे रोज वर येऊन तेच म्हणायचे. तिथे जमलं, मग इथे का जमत नाही? मी म्हणायची, सोडा ना ते मशीन. आता अमेयने तेच मनात धरलंय. रोज फोन करतो आणि एकच सांगतो, आई, आय शुडन्ट हॅव सेंट इट. मी पाठवायलाच नको होतं. जेवत नाही म्हणे नीट. त्याला मी काय सांगू? म्हणून तुम्हाला विचारते."

चौदा म्हटलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. मला कुणी काही बोललं नसतं. ओकव्हिलला तुझा मुलगा तो आकडा आणि ते मशीन घेऊन बसला असता, बहुतेक जन्मभर.

"सहा होता," मी म्हटलं.

"सहा?"

"हो. चौदा मीच सांगितला. त्याचा चेहरा पाहवला नाही मला, म्हणून."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं होतं ओरडतील, रडतील. त्या अगदी हळू म्हणाल्या, "चाळीस वर्षं ओळखते मी यांना. सहा ऐकलं असतं ना, तर दुसऱ्या दिवशी स्वतःहून दाखवायला गेले असते."

"हो," मी म्हटलं.

"अमेयला तुम्हीच सांगा. मला नाही सांगवणार." एवढं बोलून त्या आत गेल्या. मी बूट घातले, कोट चढवला, थोडा वेळ दारात थांबलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मला पोचवायला दारापर्यंत आल्या नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही. त्या पुन्हा मला बोलावतील की नाही, मला माहीत नाही.

आज सकाळी अमेयला फोन केला. तो गो ट्रेनमध्ये होता, ऑफिसला निघालेला. "काका, ट्रेनमध्ये आहे, बट इट्स ओके, बोला." मी बोललो. सहा, चौदा, ऑक्टोबरातला फोन, जानेवारीतला फोन, काही लपवून ठेवलं नाही. शेवटी म्हटलं, "मशीनचा दोष नाही रे, बाळा. तुझा तर नाहीच नाही. मी खरं सांगितलं असतं तर त्याने त्यावर चौदा लावलाच नसता."

मग तो म्हणाला, "म्हणजे बाबा थांबला होता? अख्खा चढ न थांबता चढलो म्हणाला होता, ही टोल्ड अस."

"तीनदा थांबला."

मला वाटत होतं, आता तरी चिडेल. खरं तर त्याने चिडावं असं मला वाटत होतं. त्याने वेगळंच विचारलं. "काका, तुम्ही त्याच्याबरोबर होतात? तो थांबला तेव्हा?"

"नव्हतो. दोनशे पावलं वर होतो. पाहिलं, आणि खाली गेलो नाही."

"पण तो दिसत होता ना तुम्हाला?"

"दिसत होता."

"आणि त्याला तुम्ही?"

"हो. हात केला त्याने."

अमेय म्हणाला, "मग बरोबरच होतात, काका. टू हंड्रेड स्टेप्स इज नथिंग. यू वेअर राइट देअर." आणि मग, "माझं स्टेशन आलं. मी आईला फोन करतो. तुम्ही जेवा नीट."

दोनशे पावलं म्हणजे जवळजवळ दीडशे मीटर, मुकुंदा. उतरून यायला मला दोन मिनिटं लागली असती. ते मला कळतं आणि अमेयलाही कळत असणार, मुलगा तुझाच आहे. माझ्या आवाजात त्याला काहीतरी ऐकू आलं आणि त्याने माझं मन राखलं. 'नाही रे, जवळ नव्हतो' असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण म्हटलं नाही. खोटं आहे हे माहीत असून मी ते घेतलं, आणि कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. त्या दिवशी भिंतीपाशी, मनगट सोडण्याआधी, तूही मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं होतंस. खरं सांग, मुकुंदा, तुला तेव्हाच कळलं होतं का?